चर्चची चित्रांची खिडकी फुगलीय, काचा तडकल्यात, एक जागा कोरी आहे: आधी काय करावं?

अचलपूरकडच्या एका गावातून हा प्रश्न आलाय. वेदीमागच्या भिंतीत तीन उभ्या भागांची जुनी रंगीत काचेची खिडकी आहे. खालच्या अंगाला ती पोट सुटल्यासारखी बाहेर आलीय. पाच काचा तडकल्यात. एक जागा कुणीतरी फार पूर्वी साध्या दाणेदार काचेने बुजवलीय, आणि मधल्या येशूचा चेहरा पुसट झालाय. चर्च कमिटीत दोन मतं पडली आहेत. काहींचं म्हणणं, फुटलेल्या जागी मिळेल त्या रंगाची काच सिलिकॉनने चिकटवा, झुडपात तर हिरवी काच घातली की झालं. बाकीच्यांचं म्हणणं, सगळंच काढा आणि छापील काच बसवा, नाताळाच्या आत काम होईल. यातलं बरोबर कोणतं, असं त्यांनी विचारलंय, आणि शेवटी लिहिलंय, ‘जमलं तर ही चित्रं नेमकी कशाची हेही सांगा.’

दादा, हा शेवटी लिहिलेला प्रश्न खरं तर पहिला आहे. मी बावीस वर्षं रंगीत काचेची दुरुस्ती करतोय. काम मुंबईत शिकलो, आता नागपुरात राहतो आणि विदर्भातल्या लहान-मोठ्या चर्चमध्ये फिरतो. काच कापता येणारा माणूस शोधला तर सापडतो. पण कापलेली काच कुठे बसवायची, कोणत्या रंगाची, तिच्यावर काय रेखाटलेलं होतं, हे चित्र कळल्याशिवाय ठरवताच येत नाही. म्हणून आधी चित्रांकडे येतो, मग काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांकडे.

का ते सांगतो. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मला बोलावलं होतं. चर्च लहान, खिडकी एकच, आणि तिच्यात हात पसरून चाललेला एक माणूस. खालच्या पट्टीतल्या तीन काचा गेलेल्या होत्या. मला वाटलं कुणी तरी संत असेल, पायाखाली माती असेल. तपकिरी काचा कापल्या, पट्टीत बसवून पाहिल्या, छान दिसत होत्या. डाख द्यायचा बाकी होता. तेवढ्यात झाडायला आलेल्या एक आजी झाडू तसाच धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘पाखरं कुठी गेले बाप्पा?’ मी म्हटलं, कोणती पाखरं? तर म्हणाल्या, ‘हा पेरनारा हाय ना! वाटेवरचं बी खाऊन राहिले होते ते पाखरं. मी लहान होती तवापासून पाहून राहिली.’

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दृष्टांत. काही बी वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, काही खडकाळीवर पडलं ते उन्हाने करपलं, काही काटेरी झुडपांत दबलं, आणि काही चांगल्या जमिनीत पडून शंभरपट, साठपट, तीसपट आलं. आपल्याकडे पेरणी म्हणजे तिफण, आणि त्या चित्रातला माणूस मुठीने बी फोकत होता, म्हणून माझ्या ते ध्यानातच आलं नाही. पाखरं काढून तिथे माती घातली की उरतो नुसता शेतातला माणूस. दृष्टांत संपला. पुढे त्याच गावात एका घरी लग्नाचा जुना काळा-पांढरा फोटो मिळाला. नवरा-नवरीच्या मागे, अगदी कोपऱ्यात, तीन पाखरं स्पष्ट दिसत होती. त्या फोटोवरून मी ती पुन्हा रेखाटली. तेव्हापासून चित्र कशाचं हे कळल्याशिवाय मी कटर हातात घेत नाही.

आता तुमच्या खिडकीबद्दल. फोटो आतून, सकाळच्या उजेडात काढलेत हे बरं झालं.

मधल्या उंच भागात खांद्यावर कोकरू घेतलेला, हातात वाकडी काठी असलेला पुरुष आहे. हा योहानाच्या दहाव्या अध्यायातला उत्तम मेंढपाळ. येशूच आहे याची खूण त्याच्या डोक्यामागच्या तेजोवलयात आहे. गोल वलयाच्या आत क्रूसाच्या तीन रेघा दिसतात बघा, चौथी डोक्याआड गेलीय. असं क्रूसाचं वलय चित्रपरंपरेत ख्रिस्तासाठी राखलेलं असतं. संतांचं वलय साधं गोल. पेत्राच्या हातात किल्ल्या, पौलाच्या हातात तलवार. शुभवर्तमानं लिहिणारे चौघे असतील तर मत्तयाजवळ माणूस किंवा देवदूत, मार्काजवळ सिंह, लूकाजवळ बैल आणि योहानाजवळ गरुड. एवढ्या खुणा पाठ असल्या तर निम्म्याअधिक खिडक्या वाचता येतात.

डाव्या भागात वर वधस्तंभ आहे, एका बाजूला मरीया, दुसऱ्या बाजूला योहान. खाली एक म्हातारा, हातात सुरा उगारलेला, समोर लाकडांवर मुलगा, आणि वरून देवदूताने म्हाताऱ्याचा हात धरलाय. हे उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातलं अब्राहाम आणि इसहाक: देवाच्या आज्ञेवरून मुलाचं अर्पण करायला निघालेला बाप आणि त्याचा मुलगा.

उजव्या भागात वर पुनरुत्थान आहे: पांढऱ्यावर तांबडा क्रूस असलेला झेंडा, कबरीजवळ पडलेले शिपाई. खाली मोठा मासा आणि त्याच्या तोंडातून अर्धा बाहेर आलेला माणूस. कमिटीतल्या काहींना हा पेत्र वाटला, कारण पेत्र कोळी. पण पेत्र असता तर होडी असती, जाळं असतं. माशाच्या तोंडातलं नाणं काढणारा पेत्रही कधी कधी रंगवतात, पण तिथे मासा हातात मावेल एवढा असतो. इथे मासा माणसाला गिळणारा आहे. हा योना.

आता वरचं आणि खालचं जोडून पाहा. इसहाकाने होमाची लाकडं स्वतःच्या पाठीवर वाहिली, येशूने आपला वधस्तंभ वाहिला. योना तीन दिवस आणि तीन रात्री माशाच्या पोटात होता, तसाच मनुष्याचा पुत्र पृथ्वीच्या पोटात राहील, असं मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो. खाली जुना करार, वर नवा करार, आणि दोहोंच्या मध्ये मेंढपाळ. ज्याने हे आखलं त्याने ते विचार करून आखलंय. ही रीत फार जुनी आहे. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या तिसऱ्या शतकातल्या भित्तिचित्रांतसुद्धा योना आणि मेंढपाळ पुन्हा पुन्हा येतात. जर्मनीत ऑग्सबर्गच्या कॅथेड्रलमध्ये दावीद, दानीएल, होशेय आणि हाच योना काचेवर उभे आहेत. मूळ जागीच राहिलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या चित्रखिडक्यांत त्यांची गणना होते. फ्रान्समधल्या शार्त्रला तेराव्या शतकातल्या एका खिडकीत खाली चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आणि वर आदाम-हव्वेची गोष्ट आहे. तीही खालून वर वाचायची. तुमच्या गावची खिडकी याच घराण्यातली आहे. पॅरिसच्या सेंत-शापेलमध्ये १५ खिडक्यांत मिळून १,११३ प्रसंग आहेत, तिथे एखादा बिघडला तर कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुमच्याकडे पाचच आहेत.

आणि आता ती बुजवलेली जागा. डाव्या खालच्या चित्रात, झुडपाच्या मधोमध, तळहाताएवढी दाणेदार काच. झुडूप आहे म्हणून हिरवी काच घाला, असं कमिटीत सुचवलं गेलंय. पण देवदूताच्या दुसऱ्या हाताचं बोट बघा, ते त्याच काचेकडे वळलंय. अब्राहामाचं डोकं मुलाकडे नाही, मागे वळलंय, त्याच दिशेला. त्या काचेत एडका होता. झुडपात शिंगं अडकलेला एडका, जो इसहाकाच्या जागी अर्पण झाला. हिरवी काच घातली तर त्या चित्रात सुरा राहील, मुलगा राहील आणि सुटका नाहीशी होईल. खाली सुटका नाही तर वरच्या वधस्तंभाशी त्याचं नातंही तुटतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, ती हिरवी काच सध्या थांबवा. दाणेदार काच दिसायला वाईट असली तरी इथे काहीतरी हरवलंय हे ती खरंखरं सांगते.

एडका परत कसा आणायचा? आधी पुरावा शोधा. गावातल्या ख्रिस्ती घरांतले जुने अल्बम काढायला सांगा. वेदीसमोर लग्नं लागतात, बाप्तिस्मे होतात, दृढीकरणाच्या वेळी ओळीने पोरं उभी करून फोटो काढतात. जो माणूस फोटो काढतो तो नकळत मागची खिडकीही काढतो. शहरात, मुलांकडे राहायला गेलेल्यांनाही विचारा. फोटो मिळाला तर त्यावरून रेखाटून, भट्टीत भाजून नवी काच करता येते, आणि ती नवी आहे हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून तिच्या कडेला शिशाखाली जाईल अशा जागी साल कोरून ठेवायचं. फोटो नाहीच मिळाला तर काय, यावर आमच्या धंद्यातच दोन मतं आहेत. काही जण कोरी पण आजूबाजूच्या रंगात मिसळेल अशी काच घालून थांबतात. मी म्हणेन, कपोलकल्पित चेहरा कधीही रंगवू नये, पण इथे शास्त्रवचनात एडका आहे, बोट त्याच्याकडे आहे, तेव्हा अगदी साध्या रेघांत, नवा म्हणून ओळखू येईल असा एडका काढायला हरकत नाही. हा निर्णय मात्र मंडळीने बसून घ्यावा, कारागिराने परस्पर नाही.

आता शिसं. लोकांना वाटतं खिडकी म्हणजे काच. पण काच शेकडो वर्षं टिकते. तिला धरून ठेवणारी शिशाची पट्टी मात्र थकते. इंग्रजी ‘एच’ अक्षर आडवं पाडल्यासारखा तिचा छेद असतो, दोन्ही खाचांत काचा बसतात, सांध्यांना कथील-शिशाचा डाख असतो. काच आणि शिसं यांच्या फटीत जवसाचं तेल आणि खडूची पूड यांची पुट्टी भरलेली असते, तीच पाणी अडवते आणि खिडकीला ताठपणा देते. शिवाय आडवे लोखंडी गज असतात आणि तांब्याच्या तारांनी खिडकी त्यांना बांधलेली असते.

आपल्या उन्हाळ्यात याचं काय होतं ते पाहा. तुमची वेदी पश्चिमेला आहे, म्हणजे मे महिन्यात चार वाजताचं ऊन थेट खिडकीवर. हवा ४५ अंशांवर गेली की काळं पडलेलं शिसं त्याहून कितीतरी जास्त तापतं. शिसं काचेच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावतं. एक मीटर लांबीचं शिसं ४० अंशांनी तापलं तर जवळजवळ १.२ मिलिमीटर वाढतं, तेवढीच काच ०.३५ मिलिमीटर. रात्री निवताना शिसं पूर्ण मागे येत नाही, कारण त्याच्यात लवचीकपणा नाही. रोजचा हा हिशेब वर्षानुवर्षं साचतो. त्यात मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या काचेवर आडवा येतो.

तरीही तुमच्या फोटोत मला एक आशेची गोष्ट दिसली. सर्वांत खालच्या गजाजवळ, योनाच्या माशाच्या शेपटीपाशी, दोन बारीक तारा मांजराच्या मिशांसारख्या बाहेर आल्यात. त्या तुटलेल्या बांधणीच्या तारा आहेत. म्हणजे खालचा भाग गजापासून सुटलाय आणि स्वतःच्या वजनाने पुढे आलाय. वरच्या चित्रांच्या तारा शाबूत दिसतात. तसं असेल तर सगळी खिडकी उतरवायची गरजच नाही, तिन्ही उभ्या भागांचे खालचे तीनच तुकडे शिशासकट उतरवावे लागतील. पण फोटोवरून याहून ठाम बोलणं बरोबर नाही, म्हणून तीन गोष्टी तुम्हीच पाहून सांगा.

एक, गवंड्याचा ओळंबा घ्या, खिडकीच्या वरच्या चौकटीपासून आतून सोडा आणि दोरीपासून काच सर्वांत जास्त किती पुढे आलीय ते मोजा. फुगवटा दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत असेल, काचा नव्याने तडकत नसतील, तर मी तारा नव्या बांधून थांबेन, सपाट करायच्या फंदात पडणार नाही. त्याहून जास्त असेल, किंवा फुगवट्याच्या टोकाला काच पट्टीतून निसटलेली असेल, तर उतरवावंच लागेल. दोन, तळहात काचेवर अलगद टेकवा, ढकलू नका. बोटांखाली खुळखुळ जाणवली तर पुट्टी गेलीय. तीन, गजाची टोकं भिंतीत शिरतात तिथे तांबूस पापुद्रे आणि चिरा आहेत का ते बघा. लोखंड गंजलं की फुगून मूळच्यापेक्षा खूप जास्त जागा मागतं आणि भिंतीचा दगड फोडतं. तिथे चिरा असतील तर गजांचं काम आधी, काचेचं नंतर.

कमिटीत सुचलेल्या सिलिकॉनबद्दल स्पष्ट सांगतो. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो ॲसेटिक आम्लाचा वास, आणि हे आम्ल शिशाला खातं. काही काळाने पट्टीवर पांढरी भुकटी दिसू लागते. एम-सील लावलं तर पुढे ते काढताना जुनी काच तुटते. सिमेंटचंही तेच. तडकलेल्या काचा सध्या आतून चिकटपट्टी लावूनही धरू नका, रंग उखडेल. तुकडा सुटत असेल तर हलकेच काढा, जुन्या कागदात गुंडाळा, कुठला आहे ते पेन्सिलने कागदावर लिहा आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवा. नखाएवढा तुकडाही टाकू नका. वधस्तंभाच्या मागची तांबडी काच तडकलीय ना, तिची कड उजेडात आडवी धरून बघा. काच आतून जवळजवळ पांढरी दिसेल आणि एका अंगाला कांद्याच्या पापुद्र्याएवढा तांबडा थर. असा तांबडा रंग काचेत आरपार घातला तर ती काळीठिक्कर होते, म्हणून फुंकतानाच पांढऱ्या काचेवर तांबडा पातळ थर चढवतात. अशी काच आज सहज मिळत नाही. तडकलेली काच विशेष इपॉक्सीने कडेला कड जोडून वाचवता येते, ती बदलायची वेळ क्वचित येते.

छापील काच मी का नको म्हणतो, हेही यात आलंच. छपाईचा रंग काचेच्या पृष्ठभागावर बसतो, आपल्या उन्हात तो फिका पडत जातो. जुन्या काचेचा रंग काचेच्या अंगातच आहे. तिच्यातले बुडबुडे, कमी-जास्त जाडी यांमुळे संध्याकाळच्या उपासनेला तुमच्या भिंतीवर जो हलता तांबडा-निळा उजेड पडतो, तो सपाट छापील काचेतून येणार नाही. मात्र मंडळीकडे पैसे नसतील आणि खिडकी कोसळण्याच्या बेतात असेल, तर जुनी उतरवून नीट पेटीत ठेवा आणि जागी साधी पांढरी काच लावा. भंगारात देऊ नका. आज जमलं नाही तरी पुढच्या पिढीला जमेल.

मेंढपाळाचा चेहरा. तुम्ही विचारलंय, चेहरा गेला पण वलयाचा पिवळा रंग तसाच कसा? फार चांगलं निरीक्षण आहे. डोळे, नाक, केस हे लोहाच्या भस्माचा आणि काचेच्या पुडीचा रंग करून काचेवर रेखाटतात आणि भट्टीत साधारण सव्वासहाशे अंशांना भाजतात. भाजणी कच्ची राहिली तर तो रंग वर्षांनुवर्षांच्या दमटपणाने सुटतो. १८६० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमधल्या काही कारखान्यांनी रंग लवकर वितळावा म्हणून त्यात टाकणखार घातला, त्या काळातल्या खिडक्यांचे चेहरे असेच उडालेत. पिवळ्याचं तसं नाही. तो चांदीच्या क्षारापासून होतो, भाजताना काचेच्या आत मुरतो आणि तिथेच राहतो. ही युक्ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे.

म्हणून चेहऱ्याला ओलं फडकंसुद्धा लावू नका. उरलेला रंग भुकटीसारखा असतो, एका पुसण्यात जातो. रात्री आतून टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. रेघा अजून उठून दिसल्या तर चेहरा पुरता गेलेला नाही. उपाय असा की मूळ काचेला हात न लावता तिच्या मागे पातळ पारदर्शक काच बसवायची, तिच्यावर उरलेल्या रेघांच्या आधाराने चेहरा रेखाटून भाजायचा. लांबून चेहरा पूर्ण दिसतो, मूळ रेघाही जशाच्या तशा राहतात, आणि उद्या कुणाला ते पटलं नाही तर मागची काच काढून टाकता येते. जिथे रंग पक्का आहे तिथे धूळ काढायला कापसाचा बोळा आणि डिस्टिल्ड वॉटर पुरे, जे गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं. भांड्यांची घासणी, ॲसिड, अमोनियावाली काचेची फवारणी, काहीही नको.

माकडांसाठी बाहेरून प्लॅस्टिकची पारदर्शक शीट ठोकायचा विचार लिहिलाय. मेळघाटाच्या कडेला वानरांचा त्रास खरा आहे, क्रिकेटचा चेंडूही खरा आहे. पण शीट चारी बाजूंनी बंद करून लावली तर खिडकी आणि शीट यांच्यामधली हवा भट्टीसारखी तापेल आणि पावसाळ्यात आत घाम धरेल. त्यापेक्षा स्टीलची बारीक जाळी काळा रंग देऊन चौकटीवर बसवा. आतून ती जवळजवळ दिसत नाही. शीटच हवी असेल तर तीन सेंटीमीटर फट सोडा आणि वर-खाली हवा खेळेल अशी भोकं ठेवा.

इथवरचा क्रम असा झाला: पुरावा शोधणं, ओळंब्याने मोजणं, गजांची तपासणी, मग खालचे तीन तुकडे उतरवायचे की नाही हे ठरवणं. चर्चची मालमत्ता ट्रस्टच्या किंवा डायोसिसच्या नावावर असेल तर उतरवण्यापूर्वी त्यांची लेखी परवानगी घ्या, नंतरचा मनस्ताप वाचतो.

नाताळाचं म्हणाल तर घाई करू नका. उतरवायला दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम, पण शिसं बदलून, पुट्टी भरून, ती सुकवून परत बसवायला काही आठवडे जातात, आणि पुट्टी हिवाळ्यात हळू सुकते. उतरवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर पातळ कागद ठेवून मेणाच्या खडूने शिशाच्या रेघांचा ठसा घ्यायला सांगा, फक्त चित्र उखडत असेल तिथे नको. प्रत्येक तुकड्याची कोणती बाजू आतली ते त्या ठशावर लिहून ठेवा. मी एका ठिकाणी पाहिलंय, कुणीतरी तुकडा उलटा बसवला होता. आशीर्वाद देणारा हात डावा झाला होता, आणि रेखाटलेली बाजू बाहेर गेल्यामुळे काही पावसाळ्यांतच चित्र धुऊन गेलं होतं. ज्या गावाने वर्गणी काढून ते काम करून घेतलं होतं, त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

वाहतुकीला छोटा हत्ती चालेल, पण तुकडे उभेच न्यायचे, प्लायला बांधून, मध्ये गाद्या घालून. आडवे ठेवले तर पहिल्या खड्ड्यात मोडतात. काम चालू असताना शिशाची पांढरी भुकटी झाडूने झाडू नका, ओल्या कपड्याने टिपा, आणि लहान मुलं व गरोदर बायका यांना त्या जागेपासून लांब ठेवा. शिसं विषारी आहे.

मोकळ्या जागी आतून पांढरा रंग दिलेला प्लाय लावा आणि नाताळापुरतं संडे स्कूलच्या मुलांना त्यावर योना आणि अब्राहाम काढू द्या. त्यांना आधी गोष्ट सांगा, मग बघा कोण एडका विसरतं ते.

खर्च मी न पाहता सांगत नाही, तो किती तुकडे उतरवावे लागतात यावरच ठरतो. तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: ओळंब्याचं माप, गजाच्या दोन्ही टोकांचे जवळून फोटो, आणि तिन्ही भागांच्या अगदी खालच्या कोपऱ्यांचे फोटो. तिथे बनवणाऱ्याचं नाव, साल किंवा कुणाच्या स्मरणार्थ दिली ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असण्याचा संभव असतो. फोटो काढताना काचेला न टेकवता शेजारी रुपयाचं नाणं धरा, म्हणजे आकार कळेल.

आणि अल्बम उघडायला लागाल तेव्हा वेदीच्या डाव्या बाजूला उभे असलेल्यांचे फोटो आधी बघा. एडका कुणाच्या खांद्यावरून डोकावताना सापडला तर लगेच कळवा. त्याची शिंगं कोणत्या अंगाला वळलीत, एवढं कळलं की मी रेखाटायला बसतो.